सॅक्रामेंटोला येताय? धुराची तयारी आधी करा

तुम्ही विचारलंत: ऑगस्टमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला येतोय, मुलीला दमा आहे, वणव्यांच्या धुराचं कसं करायचं? आणि इथे जंगलाला मुद्दाम आग लावतात, हे खरं का?

धूर दर वर्षी येतोच असं नाही, पण तुम्ही सामान लावत असाल तोच त्याचा मोसम. ८ नोव्हेंबर २०१८ला उत्तरेकडचं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. आम्ही शंभराहून जास्त किलोमीटर दूर, तरी त्यानंतर कित्येक दिवस सूर्य कुंकवाच्या टिकलीसारखा दिसायचा आणि आमचा धाकटा रात्री खोकत उठायचा. एसीचा फिल्टर काढून पाहिला तर चुलीमागच्या भिंतीसारखा काळवंडलेला. आमची तयारी शून्य होती, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

भाड्याचं घर बघताना एसी कसला ते आधी विचारा. पाण्यावर चालणारा कूलर असेल तर ते घर नको, तो बाहेरचीच हवा आत ओढतो. सेंट्रल एसी असेल तर त्यात मर्व्ह १३ दर्जाचा (धुराचे बारीक कणही अडवणारा) फिल्टर चालेल का, हे घरमालकाकडून लेखी घ्या. माप फिल्टरच्या कडेवर छापलेलं असतं. धुराच्या दिवसांत थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑटो'वरून 'ऑन'वर टाका, म्हणजे गारवा नको असतानाही हवा गाळली जाते.

शिवाय मुलीची झोपायची खोली तरी स्वच्छ हवेची करा. खोलीच्या आकाराला पुरेल असा हेपा (अतिबारीक कण गाळणाऱ्या फिल्टरचा) प्युरिफायर घ्या. ओझोन सोडणारं यंत्र दम्याला घातक, ते नकोच. प्युरिफायर मिळेपर्यंत चौकोनी बॉक्स फॅन आणि चार मर्व्ह १३ फिल्टर टेपने जोडून डबा करा, खाली पुठ्ठा. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला, फॅनचा झोत वर. याला कॉर्सी-रोझेंथल बॉक्स म्हणतात आणि तो खरंच काम करतो. त्या दिवसांत उदबत्ती नको, फोडणीही शक्यतो टाळा. घरात केलेला धूर घरातच कोंडतो.

बाहेर जायचं की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका. एअरनाऊ या इथल्या सरकारी संकेतस्थळावरचा आगी-धुराचा नकाशा बघा. एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, १००च्या वर गेला की मुलगी घरात, १५०च्या वर सगळेच. आणि भारतातला १०० म्हणजे इथला १०० नव्हे. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, तिथे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम झालं की आकडा १०० होतो, इथे ३५लाच. एन९५ मास्क मोठ्यांना उपयोगी आहे, पण लहान चेहऱ्यावर तो नीट बसत नाही. त्यामुळे तिच्यासाठी मास्कच्या भरवशावर राहू नका.

आल्याआल्या डॉक्टर गाठा आणि दम्याचा लेखी प्लॅन शाळेत द्या. आपल्याकडचं साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल नावाने मिळतं, नावावरून गोंधळू नका.

आता मुद्दाम लावलेल्या आगीबद्दल. हो, खरं आहे, आणि माझ्या मते ती हवीच. कारुक, युरोकसारखे इथले मूळ रहिवासी पिढ्यानपिढ्या अशी आग लावत आले. सरकारने ती मोडून काढली आणि दिसेल ती आग विझवायचं धोरण धरलं, तेव्हा पालापाचोळा आणि झुडपं साचत गेली. आता वारा, ओलावा पाहून, हवा-नियंत्रण खात्याने जाळायला परवानगी दिलेल्या दिवशीच ती लावतात, बहुतेक शरद ते वसंतात. तोही धूरच आहे आणि तुमच्या मुलीला तोही लागेल. पण तो बहुधा थोडा असतो, थोडे दिवस असतो आणि आधी कळवलेला असतो. पॅराडाइजच्या धुरात तर जळालेल्या घरांमधलं शिसंही मोजणीत सापडलं होतं.

तुमच्या जिल्ह्याच्या हवा-खात्याच्या सूचना फोनवर सुरू करा. आग लावायच्या दिवशी रात्री धूर दरीत उतरून बसतो, त्यामुळे खिडक्या संध्याकाळीच लावा आणि नकाशावरचा आकडा उतरला की उघडा.