गोष्ट नव्हे, सांगणे टिप

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. बहात्तरच्या दुष्काळातली खडीच्या कामावरची हकिकत आजीने तुला तीन वेळा सांगितली, तिन्ही वेळा ती निराळी निघाली, आणि आता प्रबंधात प्रमाण पाठ कोणता धरावा, असे तू विचारतेस. तुम्ही दोघीच होता तेव्हाच्या सांगण्यात, मुकादमाने खाडा, म्हणजे गैरहजेरी, मांडल्यावर आजी घरी येऊन मुकाट्याने रडली होती. सुना भाकरी थापत होत्या तेव्हाच्या सांगण्यात तिने मुकादमाला चारचौघांत जाब विचारला होता. आणि धाकटी बहीण माणहून आली त्या दिवशी जाब विचारणारी ती बहीणच ठरली. याला तू ‘विसंगती’ म्हटले आहेस. मला या शब्दाचा राग आला, कारण चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वहीच्या समासात मीही हाच शब्द लिहिला होता.

गोष्ट टिपू नकोस, सांगणे टिप. सुनांसमोर आजी केवळ १९७२ ची खबर देत नव्हती. या घरातल्या बाईने कसे उभे राहायचे, हे ती त्यांना दाखवीत होती. बहिणीला तिने तिच्या वाट्याचा मान दिला. आणि रडणे तिने फक्त तुझ्या स्वाधीन केले, याचे मोल तुला अजून कळलेले दिसत नाही. लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड बाउमन यांनी सादरीकरणाची जी कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हेच आहे की सांगणारा श्रोत्यांपुढे आपल्या सांगण्याच्या कौशल्याची जबाबदारी पत्करतो. डॅन बेन-अॅमॉस यांनी १९७१ मध्ये लोकसाहित्याची व्याख्या लहान समूहांतला कलात्म संवाद अशी केली. तुझ्या आजीची चूल हा असाच एक लहान समूह आहे, आणि त्यात तूही मोडतेस.

श्रावणातल्या कहाणीला ‘आटपाट नगर होतं’ हा उंबरठा असतो आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे दार लावून घेणे असते. आजीच्या आपबीतीलाही उंबरठे आहेत. ‘आता तुला म्हणून सांगते’, ‘ह्या डोळ्यांनी पाहिलंय’, ‘खोटं कशाला बोलू’ ही वाक्ये तू ध्वनिमुद्रण कागदावर उतरवताना ‘अनावश्यक’ म्हणून वगळलीस. ती परत घाल. तुझा हुंकारही परत घाल. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचे असते आणि हुंकार थांबला की सांगणारीही थांबते. हे तू लहानपणापासून जाणतेस, तरी स्वतःचा आवाज कापून टाकलास.

मी काय केले ते ऐक. माझी मावशी पुण्यात नारायण पेठेत राहत असे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, त्याची गोष्ट ती मोठा पाऊस लागला की सांगायची, एरवी कितीही विनवले तरी नाही. पाणी कुठवर चढले हे दाखवताना तिचा हात कधी भिंतीवर जाई, आमच्यासारख्या मोठ्यांच्या बाबतीत छातीवर, आणि समोर लहान मूल असेल तर ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘इथवर’ म्हणायची. ते मूल श्वास रोखून बसायचे. मी ध्वनिमुद्रण केले ते उन्हाळ्यात, माझ्या सवडीने. कागदावर उतरवले ‘पाणी छातीपर्यंत होते’. तिची बोली शुद्ध केली. आणि तीच कॅसेट दुसऱ्या मुलाखतीसाठी वापरली. त्या काळी कॅसेटला पैसे पडत, ध्वनिमुद्रणाचे यंत्र उसने होते आणि सोमवारी परत करायचे होते. शिवाय स्वच्छ पाठ दे असेच मला वरून सांगण्यात आले होते. हे सारे खरे आहे. तरी तो हात माझ्या वहीत कुठेच नाही, आणि मावशी जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यानंतर मी कोणाच्याही सांगण्यावरून एकही हुंकार कापला नाही. त्यापायी माझी दोन हस्तलिखिते परत आली आणि मी ती तशीच ठेवली. हट्टी म्हणतात मला, म्हणोत.

‘मग सत्याचे काय?’ असे तुझे मार्गदर्शक विचारतात. मुकादमाने खरोखर खाडा मांडला का, हे हवे असेल तर हजेरीपट शोध. दुष्काळात वाटलेले मिलो हे धान्य आणि सुकडी हा पोषक आहार कधी, किती वाटला, याचीही दप्तरे धुंडाळ. ते काम कष्टाचे आहे आणि करायलाच हवे. पण हजेरीपटाचे काम आजीवर लादू नकोस. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही नोंदवले, एकाच ओवीची अनेक रूपे आली म्हणून त्यांतले एक खरे आणि बाकीची खोटी ठरवली नाहीत. ओवीला आपण जो मान देतो, तो आजीच्या बोलण्याला का देत नाही? ते यमकात नाही म्हणून?

तेव्हा तिन्ही पाठ शेजारी शेजारी छाप. प्रत्येकावर लिही: कोण बसले होते, हाताला काय काम होते, कोण मध्येच बोलले, आजी कुठे थांबली. प्रबंध लांबेल, लांबू दे. सांगणे टिप, इतकेच मी पुन्हा सांगते.

आणि तिसऱ्या ध्वनिमुद्रणात बहीण बोलू लागण्याआधी दोघी बहिणी बराच वेळ नुसत्या हसत होत्या, असे तू ओझरते लिहिले आहेस. तो भाग तू कापला आहेस. मूळ फाइल अजून जवळ असेल तर पुसू नकोस. ती मला पाठव.

तुझी,
बाई