किंमत काउंटरवर ठरत नाही

तुझं पत्र तीनदा वाचलं. औषध कंपनीतली नोकरी हातात आहे आणि मन रुग्णांसाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थेकडे ओढतंय. कुठं जायचं ते तू ठरव. माझं सांगणं एकच: पेटंटचा, म्हणजे औषधावरच्या मक्तेदारीचा, अर्ज वाचायला शीक.

परळला माझं औषधांचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. एक बाई नवऱ्यासाठी चिठ्ठी घेऊन आली. सोराफेनिब, लिव्हरचा कॅन्सर. महिन्याच्या १२० गोळ्या, २,८०,००० रुपये. तिनं चिठ्ठीची बारीक घडी केली आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप मागितली. रिकाम्या हातानं परत जायचं नव्हतं तिला. आम्ही वर्गणी काढली, एका महिन्याचं भागलं. पुढच्या महिन्यात ती आलीच नाही.

मार्च २०१२मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं याच औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय औषध बनवायची मुभा, नॅटको या कंपनीला दिला. महिन्याचा खर्च ८,८८० रुपयांवर आला! ज्या कलमानं हे झालं, ते ८४वं कलम पेटंट कायद्यात आधीपासून होतं. मी बी. फार्म. झालेला माणूस, पण तो कायदा कधी उघडलाच नव्हता. वर्गणीचा डबा घेऊन दारोदार फिरत होतो. वर्गणीला मी नावं ठेवतो असं लोक म्हणतात. नाही ठेवत. दुकान विकेपर्यंत तो डबा माझ्या काउंटरवर होता. पण अर्ज वाच.

‘मी वकील नाही’ हे मला सांगू नकोस. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघीही वकील नव्हत्या. टीबीच्या औषधांनी दोघींचे कान गेलेले. २०१९मध्ये त्यांनी बेडाक्विलिन या टीबीच्याच दुसऱ्या औषधाच्या नव्या पेटंट अर्जावर इथं आक्षेप घेतला. आफ्रिकेतल्या मुलीनं भारतात का यावं? कारण स्वस्त गोळी बनते इथं आणि जाते तिकडे. त्या अर्जात होतं काय, तर जुन्याच रेणूचा फ्युमरेट क्षार, म्हणजे त्याच औषधाचं आणखी एक रूप. क्षार म्हणजे काय हे तुला कॉलेजात शिकवलंय, कुणा वकिलाला विचारायची गरज नाही! मार्च २०२३मध्ये अर्ज फेटाळला गेला, नाहीतर मक्तेदारी २०२७पर्यंत लांबली असती. असा आक्षेप पेटंट मिळण्याआधी कुणीही घेऊ शकतं. तूसुद्धा.

नोकरी घ्यायची तर घे. तिथंही अर्ज वाचायलाच मिळतील.

रविवारी जेवायला ये. एक अर्ज छापून ठेवलाय, त्यातले दावे, म्हणजे कंपनी नेमकी कशावर मक्तेदारी मागते ते, आधी वाचू. पेन्सिल आण.