समच्छेद, पाऊण आणि गायीचा पाय

विचारणा अशी आहे: पाचवीतल्या मुलीच्या वहीत ‘समछेद’ लिहिलं आहे, आजोबा म्हणतात ‘समच्छेद’ हवं. बरोबर काय? शिवाय १/२ हा अपूर्णांक ‘एक छेद दोन’ असा वाचावा का?

पहिल्याचं उत्तर: समच्छेद, म्हणजे अपूर्णांकांचे छेद (खालच्या संख्या) सारखे करणं. आजोबा बरोबर आहेत. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की संस्कृतात मध्ये च् येतो, जसं परिच्छेद, पदच्छेद, वृक्षच्छाया. ‘रंगछटा चालते, मग समछेद का नको?’ असा वाद काही भाषाजाणकार घालतात. रंगछटा हा आपण मराठीत जोडलेला शब्द आहे. समच्छेद संस्कृत गणितातून तयार होऊन आला आहे. ज्यांना समछेद हवा त्यांनी उद्यापासून ‘परिछेद’ही लिहावं, मग बोलू.

दुसरा प्रश्न मात्र मला रोज छळतो. ‘तीन छेद चार’ असं शिकवणीत ऐकतो, बातम्यांत ऐकतो, पत्ता सांगताना तर सर्रास ऐकतो, ‘बारा छेद तीन’. सातबाऱ्याला तेवढं कोणी ‘सात छेद बारा’ म्हणत नाही, हे नशीब. या बोलण्यात छेद हे त्या तिरक्या रेघेचं नाव होऊन बसलं आहे आणि ते साफ चूक आहे. छेद ही रेघ नव्हे. छेद म्हणजे कापणं. एका अख्ख्या वस्तूचे किती सारखे तुकडे केले ते सांगणारी खालची संख्या म्हणजे छेद, आणि त्यातले किती घेतले ते सांगणारा वरचा अंश. रेघेचा त्यात काही संबंध नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली तेव्हा आपल्याकडे अपूर्णांकात रेघ नव्हतीच! अंश वर, छेद खाली, मध्ये कोरी जागा. आडवी रेघ पुढे अरबी गणितातून रुळली. जी रेघ अस्तित्वात नव्हती तिचं नाव छेद कसं असेल?

त्याच ग्रंथात रीत दिली आहे: ‘अन्योन्यहाराभिहतौ हरांशौ राश्योः समच्छेदविधानमेवम्’. हर म्हणजेच छेद. एकाच्या हराने दुसऱ्याचे हर आणि अंश दोन्ही गुणा, झाला समच्छेद. लगेच पुढच्या ओळीत सांगितलं आहे की हरांना आधी सामाईक संख्येने भागून घेतलं तर शहाण्याचं काम हलकं होतं. आज मुलं लसावि काढतात तो हाच धागा.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. माझ्या भाचीने परवा १/२ + १/४ = २/६ असं उत्तर लिहिलं. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. ‘एक छेद दोन अधिक एक छेद चार’ असं तोंडाने म्हणताना तिला चार सुटे आकडे ऐकू येत होते, म्हणून तिने चारही आकड्यांची बेरीज केली. वही मिटून मी विचारलं, ‘अर्धा आणि पाव?’ क्षणाचाही विचार न करता म्हणाली, ‘पाऊण.’

आणि हेच शब्द गणिताच्या तासाला ‘बोलीतले’ म्हणून बाजूला ठेवले जातात! पाऊण म्हणजे पाद-ऊन, पाव कमी असलेला एक. त्या शब्दातच वजाबाकी करून ठेवली आहे: ४/४ − १/४. पावणेदोन म्हणजे पाव कमी दोन. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. अडीच म्हणजे अर्धतृतीय: दोन पुरे झाले, तिसरा अर्धाच.

आता पाव. (खायचा पाव वेगळा, तो पोर्तुगीज शब्द आहे, गोव्याच्या वाटेने आला. ‘लादीचा चौथा तुकडा म्हणून पाव’ ही व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी कृपा करून थांबावं.) मोजायचा पाव म्हणजे पाद, पाय. चौथ्या हिश्शाला पाय का? कारण गायीला पाय चार. एवढ्यावर थांबू नका, पुढेच तर खरी गंमत आहे. गायीच्या प्रत्येक पायाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणजे खुराचे भाग आठ. खुराला संस्कृतात शफ म्हणतात, आणि शफ म्हणजे एक अष्टमांश. त्याच्याही निम्मा भाग म्हणजे कला, एक षोडशांश. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात यज्ञासाठी सोम ही वनस्पती विकत घेताना घासाघीस चालते ती याच मापांनी. घेणारा आधी गायीची कला देऊ करतो. विकणारा म्हणतो, सोमराजाची किंमत याहून जास्त आहे. मग शफ, मग पाद, मग अर्धी गाय, आणि शेवटी अख्खी गाय. बाजारातली ही घासाघीस आणि १/१६, १/८, १/४, १/२ ही श्रेढी, दोन्ही एकाच संवादात! हा उतारा मी जितक्यांदा वाचला तितक्यांदा हरखलो आहे.

माझं मत असं की शेराचे सोळा छटाक आणि रुपयाचे सोळा आणे हे त्या सोळा कलांचेच वारस आहेत. तराजूवर निम्मं निम्मं करणं सोपं म्हणून सोळा आले, एवढंच जे सांगतात ते सोय सांगतात, परंपरा सांगत नाहीत. सोळा हा आपल्या व्यवहाराचा तयार समच्छेद होता. अर्धा, पाव आणि अदपाव म्हणजे आठ, चार आणि दोन आणे. बेरीज चौदा आणे. वेगळा छेद काढायचं कामच नाही.

तिसरा हिस्सा आला की सोळा अडतात, पण तिथे पै होती. आण्याच्या पै बारा, रुपयाच्या १९२. १/३ म्हणजे पाच आणे चार पै. त्यात अर्ध्याचे आठ आणे मिळवा: तेरा आणे चार पै, म्हणजे १६० पै, बरोबर ५/६. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. आता त्याच रुपयाचे तिघांत सारखे वाटे करा. प्रत्येकाला तेहतीस पैसे मिळतात आणि एक पैसा मध्ये पडून राहतो.