साथीदाराचे वैताग: चामड्याचे वेगळे, माणसांचे वेगळे

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: तबला विशारद, पुण्यात भाड्याचा फ्लॅट, अर्धवेळ नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी गायनाच्या साथी. ऑगस्टात रत्नागिरीला तबला सारखा उतरत राहिला आणि गायिकेने भर मैफलीत "जरा लावून घ्या" म्हणून सुनावलं. पाकिटातून दर वेळी वेगळीच रक्कम निघते. खालच्या मजल्यावरच्या काकू रियाजाची तक्रार घेऊन सोसायटीच्या मीटिंगला गेल्या. आणि शेवटचा प्रश्न, नोकरी सोडू का?

साथ करता करता माझे केस पिकले, म्हणून सविस्तर लिहितो. हे सगळं तू एकाच तक्रारीच्या पोत्यात कोंबलंयस. त्यातलं निम्मं हवेचं आणि चामड्याचं आहे, त्यावर कुणाचाच इलाज नाही. उरलेलं निम्मं भिडेपोटी न विचारलेल्या प्रश्नांचं आहे.

आधी रत्नागिरी. कोकणात ऑगस्टात पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ओल धरणार, सैलावणार, सूर उतरणार. वर स्टेजवरचे दिवे लागले की तीच पुडी तापून चढायला लागते. म्हणजे विलंबितात, सुरुवातीच्या संथ लयीत, उतरलेला तबला तू चढवतोस आणि शेवटच्या द्रुतापर्यंत तो आपसूक आणखी वर गेलेला असतो. वातानुकूलित सभागृहात हवा कोरडी असते, तिथे कोकणाच्या उलटा खेळ. मे महिन्यात नागपूरकडे गेलास तर सूर चढतोच, पण ताणलेल्या पुडीवर हातोडी जपून मारावी लागते, नाहीतर किनारीपाशी चीर जाते. त्यामुळे पोचल्या पोचल्या चहाच्या मागे न लागता तबला पिशवीतून काढून स्टेजवर, दिव्याखाली ठेवायचा. अर्धा तास त्याला त्या हवेत राहू दे आणि मगच लाव. मोठा फरक असेल तर वादीखालच्या लाकडी गट्ट्यांवर ठोक, बारीक असेल तर पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर, आणि गजऱ्यावरची समोरासमोरची घरं धरत सोळाही घरं सारखी कर. गडबडीत एकाच बाजूला ठोकणारे खूप बघितलेत. त्यांचा तबला तीन घरांत सुरेल आणि बाकीच्यांत भलतंच काहीतरी बोलतो.

मैफल चालू असताना उतरलाच तर गायिका आलाप घेत असेल तेव्हा ठेका न सोडता, डाव्याने डग्गा सांभाळत उजव्या हाताने गजऱ्यावर हलके ठोके द्यायचे. हे घरी बसून शिकावं लागतं. लय हलू न देता तबला लावता येणं हाही साथीचाच भाग आहे, फक्त परीक्षेत त्याला मार्क नसतात. राहिलं त्या गायिकेचं बोलणं. माईकवरून बोलायला नको होतं, एवढंच म्हणेन. तिच्या कानातला षड्ज (सा) हलत होता, तीही वैतागलेलीच असणार.

आता ज्यावर इलाज आहे ते. तुझ्या लिहिण्यात एक वाक्य होतं: "फोनवर काळी चार सांगितली आणि तिथे गेल्यावर काळी पाच निघाली, माझ्याकडे पांढरी चारचा तबला नव्हता." पांढरी चार कशाला हवी? काळी-पांढरी म्हणजे पेटीवरची पट्टी, गायिकेचा सा; आपण तबला तिच्या षड्जाला, मध्यमाला किंवा पंचमाला लावतो. काळी पाचचा मध्यम काळी दोन येतो, आणि काळी चारचा पंचमही काळी दोनच. म्हणजे सव्वापाच इंची तोंडाचा, काळी दोनला नीट बोलणारा एक तबला दोन्हींना चालतो. मालकंस राग असेल तर त्यात पंचम नाहीच, मग काळी चारच्या गायिकेला काळी एकचा तबला मध्यमात लावायचा. तोच साडेपाच इंची तबला काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या षड्जाला लागतो. कुणी पांढरी दोन सांगितली तर एक थोडा चढव नाहीतर दुसरा थोडा उतरव. दोन तबल्यांत बहुतेक मैफली निभतात. पण त्यासाठी नुसती पट्टी विचारून भागत नाही, पहिला राग कोणता हेही विचारायला हवं. काळी पाचला मध्यमात लावून गेलास आणि गायिकेने शुद्ध मध्यम नसलेला मारवा काढला तर मध्यमाचं काय करशील? थेट विचार. मोठमोठे कलाकारही सांगतात. "ऐन वेळी ठरवू" म्हणणारे असतातच, त्यांच्याकडे दोन्ही तबले घेऊन जायचे आणि पाठ दुखवून घ्यायची.

ओझ्याचा विषय निघालाच आहे तर: मुंबईत लोकलच्या लगेज डब्यातून जा, दारात उभा राहू नकोस. विमानाने जायचं असेल तर हातोडी चेक-इनच्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत असली तर सुरक्षा तपासणीत गेलीच म्हणून समज. बिनहातोडीचा तबलावादक परगावी कसा दिसतो ते मी बघितलंय. यजमानांच्या घरून खलबत्त्यातला बत्ता आला होता.

ध्वनिवाल्यांबद्दल तू काही लिहिलं नाहीस याचं नवल वाटलं. काल ऑर्केस्ट्रा केलेला माणूस आज ख्यालाला येतो आणि डग्ग्याचा बेस असा उचलतो की मींड-घसीट, म्हणजे तळहात सरकवून काढलेले सूर, सगळी गडगडाटात जाते. मॉनिटरमध्ये फक्त गाणं असतं, आपलं आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणून आपण जोरात वाजवतो, आणि मग गायक मागे वळून बघतो. त्या माणसाचं नाव विचारायचं, साउंड चेकला त्याला स्टेजवर बोलावून नुसता डग्गा ऐकवायचा, "एवढाच ठेवा दादा" म्हणायचं. त्याला आजवर कुणी हे नीट सांगितलेलंच नसतं. मध्यंतरानंतर तो जागेवर नसेल, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

वेळेचं गणितही बघ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, ही गोष्ट आता ऐकण्यापुरतीच. नियम योग्य आहे, आजारी माणसांनी कुठे जायचं? पण त्याचा भार शेवटच्या कलाकारावर आणि त्याच्या साथीदारांवर येतो. सत्कार, दीपप्रज्वलन, प्रायोजकांची भाषणं वेळेत कधीच संपत नाहीत, आणि पावणेदहाला विंगेतून घड्याळ दाखवतात ते मात्र आपल्याला. दरबारी अर्ध्या तासात उरकायचा आणि वर "तबल्याचं जरा काहीतरी होऊ द्या". हे "काहीतरी" म्हणजे बहुतेकदा आगगाडी, घोडा किंवा डमरूचे आवाज. झाकीरभाईंना २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाल्यापासून ही फर्माईश वाढलीये असं मला वाटतं. मी नम्रपणे एक तुकडा वाजवून तिहाईने संपवतो.

पैसे. हे तू सगळ्यात कमी लिहिलंस आणि तुला सगळ्यात जास्त तेच सलतंय. आपल्याकडे मानधनाचा आकडा काढणं असभ्य समजतात. आयोजक गायकाशी बोलतो, गायक आपल्याला "करू व्यवस्थित" म्हणतो आणि शेवटी गाडीत बसताना पाकीट हातात येतं. ते तिथे उघडताही येत नाही. मला वर्षानुवर्षं "पुढच्या वेळी बघू" म्हणणारी एक संस्था आहे, नाव राहू दे. हल्ली मी होकार देतानाच एक निरोप पाठवतो: तारीख, ठिकाण, पोचायची वेळ, पट्टी, पहिला राग, मानधन किती, प्रवास त्यांचा की माझा, पैसे त्याच दिवशी की खात्यावर. शेवटी "बरोबर असेल तर होकार कळवावा". कुणी रागावलं नाही. एक-दोघांनी फोन करणं बंद केलं, त्यांचं दुःख नाही. टीडीएस कापला म्हणाले तर तो तुझ्या पॅनवर जमा दिसतोय का ते बघत जा. कापलेला आणि भरलेला यांत कधीकधी बरंच अंतर असतं.

काकूंचं सोपं आहे. चाटेचे, म्हणजे किनारीचे, बोल त्यांना त्रास देत नाहीत, डग्ग्याचा घुमारा स्लॅबमधून खाली उतरतो. सतरंजीने काही होत नाही. जाड गादी दुहेरी घालून त्यावर चुंबळ ठेव, डग्ग्यावर रुमाल टाक आणि हाताच्या तयारीचा रियाज पॅडवर कर. आणि खाली जाऊन त्यांच्या झोपेची वेळ विचार. सोसायटीच्या मीटिंगपेक्षा ते पाच मिनिटांत होतं.

नोकरीचं. गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट या दिवसांत एकाच तारखेला तीन-तीन फोन येतात, आणि मध्ये पितृपक्षात फोन बंद पडलाय की काय असं वाटतं. आषाढात वारीचे आणि एकादशीचे अभंग सोडले तर तसंच. तू बहुधा दिवाळीच्या कमाईवरून हिशेब करतोयस. एक पूर्ण वर्ष, ज्येष्ठ ते ज्येष्ठ, आलेला प्रत्येक पैसा लिहून काढ. त्यातून पुडी बदलणं, प्रवास, गुरुजींकडची फी वजा कर. शिकवण्या वेगळ्या लिही, कारण पूर्णवेळ वाजवणाऱ्या बहुतेकांचं घर शिकवण्यांवर चालतं आणि संध्याकाळच्या वर्गामुळे साथी सोडाव्या लागतात. तो वैताग तुझ्या यादीत अजून आलेला नाही. अर्धवेळ नोकरीत शनिवार-रविवार मोकळा आणि पीएफ चालू असेल, तर मी तुझ्या जागी हे वर्ष तरी ती सोडणार नाही.