धर्म आणि राजकारण शिकून लेक काय करणार?

ताई, नमस्कार.

तुमची लेक बारावी आर्ट्सला आहे, इंदूरला सुदामा नगरच्या गणेश मंडळात मनापासून राबते आणि आता म्हणते की धर्म, जात, भाषा यांचा मतदानावर आणि सरकारवर कसा परिणाम होतो ते मला शिकायचंय. बाबांना वाटतं, पहिल्या वर्षापासूनच भंवरकुआं भागात एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा, क्लास लावावा. तुमची काळजी निराळी आहे. या विषयावरून ती काकांशी भांडली, उद्या बाहेर भांडेल, आणि एवढं करून नोकरीही मिळायची नाही.

तिला शिकू द्या. इंदूरच्या मुलीला हा विषय लांब जाऊन शोधावा लागत नाही. शाहबानो इंदूरच्याच. १९७८ साली, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांनी इथल्या कोर्टात वकील असलेल्या नवऱ्याकडून पोटगी मागितली. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये दिले, हायकोर्टाने १७९ रुपये २० पैसे. १९८५ साली यशवंतराव चंद्रचूडांच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती पोटगी कायम ठेवली. मुस्लिम संघटनांनी विरोध केला आणि १९८६ साली संसदेने वेगळा कायदा केला, त्यात नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरती, म्हणजे घटस्फोटानंतरच्या साधारण तीन महिन्यांपुरती, धरली गेली. २००१ साली सुप्रीम कोर्टाने त्याच कायद्याचा अर्थ लावताना सांगितलं, की नवऱ्याने पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद इद्दतीच्या काळात करून दिली पाहिजे. समाजाच्या नावाने कोण बोललं, त्या समाजातल्या बायकांना कुणी विचारलं का, सरकार कशाने हललं? तुमच्या मुलीला हेच प्रश्न पडताहेत, आणि ते फार मोलाचे आहेत.

मात्र काकांशी वाद घालता आला म्हणजे हा विषय आला असं नाही. २०२४च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, पक्षाने नोटाचं, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं, बटण दाबायला सांगितलं आणि नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली. ती कुणाची, हे घराघरांत लोकांनी परस्पर ठरवूनही टाकलं. मुलीला म्हणावं, निवडणुकीचा फॉर्म २० काढून बघ. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं आणि तो सगळ्यांना बघता येतो. पण तो वाचतानाही जपून. एखाद्या केंद्राच्या हद्दीत एका समाजाची घरं जास्त आणि तिथे नोटाही जास्त, एवढ्यावरून त्या समाजानेच नोटा दाबला असं म्हणता येत नाही. तिथे बाकीचेही मत देतातच. मग माणसांना जाऊन विचारावं लागतं. कुणाला निवडायचं, प्रश्न कसा मांडायचा म्हणजे उत्तर आपल्याला हवं तिकडे झुकणार नाही, मिळालेले आकडे कसे तोलायचे, याला शिक्षण लागतं. म्हणून संख्याशास्त्र सोडू देऊ नका. आर्ट्सची मुलं गणिताला भितात आणि या क्षेत्रात नेमकी तिथेच मागे पडतात.

सुट्टीत तिला एक काम द्या. काकांचं म्हणणं तिने पानभर लिहायचं, असं की काकांनी वाचून म्हणावं, "हो, हेच म्हणतोय मी." मग आपल्याच मंडळाबद्दल लिहायचं: कार्यकारिणीत कोण आहे, कुठल्या जातीची माणसं वर्गणी देतात पण बैठकीला नसतात, शेजारची हिंदी बोलणारी घरं कितपत आपली वाटतात. इंदुरात मराठी म्हणून वाढल्याने छोट्या समाजात असणं काय असतं ते तिला ठाऊक आहे. पण आपल्या माणसांबद्दल खरं लिहिणं परक्यांपेक्षा अवघड जातं. हे दोन्ही तिने मन लावून केलं, तर ती या वाटेवर टिकेल असं मी खात्रीने सांगते.

नोकरीचं आता सरळच लिहिते. नुसत्या बी.ए.वर फारसं काही मिळत नाही. पुढे एम.ए. हवं: पुणे विद्यापीठ, मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), दिल्ली, किंवा भोपाळला २०२३ पासून अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती विभाग निवडणुकांनंतर मतदारांचे सर्वेक्षण करतो, त्यात विद्यार्थ्यांना घरोघरी जाऊन काम करता येतं. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेच्या लॅम्प फेलोशिपमध्ये तरुण पदवीधर एका खासदाराबरोबर संसदेच्या कामात मदत करतात. पत्रकारिता आहे, नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी आहे. कायद्याकडे वळली तर निवडणूक याचिका, म्हणजे निकालाला कोर्टात आव्हान देणारे खटले, आहेत. धर्म, जात किंवा भाषेच्या नावावर मत मागणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचार ठरतो. निवडणूक सांभाळणाऱ्या कंपन्या पटकन घेतात आणि निकाल लागला की पटकन काढतात, ती पहिली नोकरी मला तरी नको वाटते.

बाबांना सांगा, यातून एमपीपीएससीचं दार बंद होत नाही. राज्यघटना आणि प्रशासन तिथेही लागतंच. क्लासचा विचार तिसऱ्या वर्षी करा. आत्ताच लावलात तर तिचं कुतूहल प्रश्नसंचात मरेल आणि ते मी बऱ्याच मुलांचं झालेलं पाहिलं आहे.

तुमची भीती मात्र अगदीच खोटी नाही. धर्मावर लिहिणाऱ्या मुलींना फार घाणेरड्या शिव्या येतात. अनोळखी वस्तीत एकटीने विचारपूस करायला जायचं नाही, जोडीने जायचं. कुणाचं नाव, धर्म आणि मत एकत्र लिहिलेला कागद कधीही व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही. हे आधीच बजावा.

तिचं मंडळात जाणं बंद करायला लावू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. अजिबात नको. मांडवाची परवानगी, तात्पुरतं वीज कनेक्शन, पोलिसांबरोबरची बैठक, नगरसेवकाची देणगी आणि आरतीला मिळणारा त्याचा मान, हे सगळं ती तिथे जवळून बघते आहे. यंदा हिशेबाची वही तिच्याकडे द्यायला सांगा.