वाचकांचे प्रश्न : जुन्या एकबारी रायफलची लिव्हर हाताजोगी करताना

प्रश्न : माझ्याकडे विंचेस्टर १८८५ हाय वॉल आहे, साध्या एस आकाराच्या लिव्हरची (ट्रिगरखालचा दांडा, जो खाली ओढून नळीचं मागचं तोंड उघडतात). उभ्याने २०० यार्डांवर नेम धरताना मागच्या तीन बोटांना तिचा आधारच मिळत नाही. शूट्सन (उभ्याने नेम धरण्याची जर्मन परंपरा) पद्धतीची, बोटांना घर असलेली लिव्हर करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तारेपासून करा. लोखंडाला इतक्यात हात लावू नका. उभ्याच्या नेमबाजीत डावा तळवा नळीखालच्या टेकूवर वजन पेलतो आणि उजव्या हाताची तीन बोटं रायफल खांद्यात ओढून धरतात. तर्जनी मोकळी राहिली तरच ट्रिगर सरळ मागे येतो. म्हणजे लिव्हरचा आकार बोटांपुरता नसतो, तर्जनी कुठे पडणार तेही तोच ठरवतो. जर्मन वंशाच्या नेमबाजांनी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात या लिव्हरींना कड्या, वळणं आणि टोकं दिली ती याचसाठी.

चार-पाच मिमी जाडीची तांब्याची तार लाल करून पाण्यात विझवा, म्हणजे ती मऊ होते. ती लिव्हरच्या मागच्या अंगाला दोऱ्याने बांधा आणि बोटांभोवती वळवा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नेहमीचं जाकीट घालून, डोळे मिटून दहा वेळा पवित्रा घ्या. दहाही वेळा बोटं आपोआप त्याच जागी पडली तर आकार जमला. शोधावी लागली तर तार पुन्हा वळवा. आतली जागा तीन बोटांच्या रुंदीपेक्षा चार-पाच मिमी जास्त ठेवा, कारण उन्हात बोटं सुजतात आणि घट्ट घरातून हात पटकन निघत नाही.

मग तो आकार कागदावर मूळ मापात उतरवा. लिव्हरच्या खिळीचं छिद्र आणि लिव्हरला ब्रीच ब्लॉकशी, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याशी, जोडणाऱ्या लिंकचं छिद्र त्यावर अचूक दाखवा. या दोन छिद्रांपासून ट्रिगर गार्डच्या मागच्या कडेपर्यंतचा भाग अस्पर्श ठेवायचा. तिथे अर्धा मिमी फरक पडला तरी ब्रीच ब्लॉकची चाल बिघडते. नंतर पुठ्ठ्याचा नमुना कापून खिळीभोवती पूर्ण फिरवून बघा. मागे लांब टोक काढलंत तर लिव्हर उघडताना ते मोठी कमान घेतं. टेकवर ठेवून मारणाऱ्यांना ते टेबलावर आपटतं, मग टेक उंच करावा लागतो किंवा लिव्हर टेबलाच्या कडेबाहेर धरावी लागते. हे आधीच कळलेलं बरं.

शेवटी दोरा घ्या. नव्या आकाराच्या मध्यरेषेवर तो ठेवून लांबी मोजा, जुन्या लिव्हरच्या शेपटाचीही मोजा. एस लिव्हरचं शेपूट पूर्ण कडीला सहसा पुरत नाही. मग नुसतं वाकवून भागत नाही, तुकडा जोडावा लागतो.

प्रश्न : लिव्हर थंडच वाकवली. वळणाच्या बाहेरच्या अंगावर केसासारख्या आडव्या भेगा दिसतात. धातू खराब होता का?

उत्तर : धातू बहुधा ठीक होता, पद्धत चुकली. या लिव्हरी मऊ, कमी कार्बनच्या पोलादाच्या किंवा लोखंडाच्या असतात आणि वरून केस हार्डनिंग केलेलं असतं, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवून पाण्यात विझवलेलं असतं. गाभा वाकतो, पण वरचा काचेसारखा कडक थर ताणला की तडकतो. भेगा थरापुरत्याच आहेत का, हे बारीक कानशीने घासून पाहा. घासल्यावर गेल्या तर वाचलात. गेल्या नाहीत तर वळणावर जोर देत राहू नका. ती भेग वाढणारच.

वाकवायची तर लालबुंद करून. आधी पूर्ण वळणाचा भाग चेरीसारख्या लालीपर्यंत तापवून व्हर्मिक्युलाइट किंवा कोरड्या चुन्यात पुरून ठेवा आणि रात्रभर सावकाश निवू द्या. त्याने कडक थर मऊ होतो. मग पुन्हा लाल करून, वीस मिमी जाडीच्या पाटावर रोवलेल्या बारा मिमीच्या खुंट्यांमध्ये थोडं थोडं वळवा. लाली उतरली की थांबा, परत तापवा. दोनशे ते साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान, जिथे पोलादावर निळा रंग येतो, तिथे ते ठिसूळ वागतं. अर्धवट गरम लिव्हर वाकवणं थंड वाकवण्याइतकंच वाईट, कधी त्याहून वाईट.

छिद्रांकडच्या भागाला उष्णता जाऊ देऊ नका. व्हाइसच्या जबड्यांत पितळी ठोकळे धरून तो भाग आवळा, त्यावर ओलं फडकं गुंडाळा. आणि वळवून झाल्यावर तांबडी लिव्हर पाण्यात बुडवू नका. वरचा कार्बनचा थर अजून तिथेच आहे, तो पुन्हा कडक होईल.

लिव्हर नव्या बनावटीची ओतीव असली, तर ती कदाचित ४१४० सारख्या मिश्र पोलादाची असेल. तिला सावकाश निववणं आणखी महत्त्वाचं. लाल असताना उघड्यावर गार केली तर ती आपोआपच कडक होऊ शकते.

प्रश्न : नवा तुकडा चांदीच्या डाखाने जोडला. केस हार्डनिंगला भट्टीत घातल्यावर जोड सुटला. असं का?

उत्तर : चांदीचा डाख सहाशे ते सातशे अंशांच्या आसपास वितळतो. हाडाच्या कोळशातलं केस हार्डनिंग त्याहून वर चालतं, म्हणजे भट्टीत जोडाचं द्रवच झालं. केस हार्डनिंगचा रंगीत पृष्ठभाग पुन्हा करायचा असेल तर वेल्डिंगशिवाय पर्याय नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा वरचा थर आधी अर्धा ते एक मिमी घासून काढा, दोन्ही टोकांना पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकार द्या आणि कमी कार्बनची भरण काडी वापरा. थर न काढता वेल्ड केलं तर जोडाशेजारची पट्टी कडक होते आणि पहिल्या धक्क्याला तिथेच मोडते. जुन्या लोखंडात मळीचे धागे असतात, त्यामुळे वेल्डमध्ये बुडबुडे येऊ शकतात. आले तर घासून पुन्हा भरा, वरून लिंपू नका.

रंग मात्र जोडावर बहुतेकदा थोडा वेगळा येतो. तो नको असेल तर करडं पॉलिश किंवा गंज-निळाई करा. आणि लांब शेपटाची लिव्हर पाण्यात विझवताना कड्या उघडतात, म्हणून कड्यांमध्ये ठोकळा अडकवून, तारेने बांधून मगच भट्टीत द्या.

प्रश्न : लिव्हर छान दिसते, पण आता कधीकधी काडतूस पेटत नाही. फायरिंग पिनचा ठसा केंद्राखाली पडतो.

उत्तर : लिव्हर पूर्ण बंद होण्याआधीच कशाला तरी टेकते आहे, म्हणून ब्लॉक वर पोचत नाही. बट (मागचा लाकडी दस्ता) काढा, लिव्हर बंद करा, तिची जागा टँगवर, म्हणजे बटाला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, पेन्सिलीने खुणवा. बट चढवून पुन्हा बंद करा. खूण जुळली नाही तर लाकूड अडवतं आहे. जुळली तर टँग किंवा गार्ड. टेकणारी जागा शोधायला लिव्हरवर दिव्याची काजळी लावून बंद करा, डाग उठेल. टेकणारं शेपूट लाल करून बाहेर काढा, टँगपासून एखादा मिमी. लिंक घासून किंवा लाकूड कोरून जागा करू नका. लाकूड पावसाळ्यात पुन्हा फुगतं आणि लिंक घासली की ती कायमची गेली.

उलटा त्रासही होतो, जड लिव्हर आपोआप खाली पडते. रिकाम्या रायफलच्या बटावर तळहाताने थाप मारून बघा. पडली तर आधी खिळी तपासा. झिजून अंडाकृती झालेल्या छिद्राला रीमर मारून जाड खिळी बसवा, मग टोकं मागे निमुळती करून वजन कमी करा.

प्रश्न : बॅलार्डवर (हीही जुनी एकबारी रायफल) असंच काम करायचं आहे. वेगळी काळजी?

उत्तर : बॅलार्डचा ट्रिगर ब्लॉकमध्येच असतो आणि लिव्हर उघडताना त्याच्याबरोबर खाली येतो. तेव्हा गार्डच्या आतली मोकळी जागा बंद आणि उघडी अशा दोन्ही अवस्थांत तपासा. सेट ट्रिगर (एक ओढल्यावर दुसरा हलका होणारी ट्रिगरची जोडी) असेल तर मागचा ट्रिगर ओढून बघा, बोटांचं घर त्याला लागता कामा नये. मार्लिनने बॅलार्ड १८७५ ते १८९१ च्या सुमारास बनवल्या, म्हणून मूळ लिव्हरवर छिन्नी चालवू नका. नवी ओतीव लिव्हर घेऊन तिच्यावर काम करा आणि मूळ लिव्हर तेल लावून, रायफलचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसकट जपून ठेवा.