नदीत एकमेकांना लागून बांधलेल्या मालवाहू बोटींमध्ये भांडणं होतात का? आधी कोण निघणार हे कोण ठरवतं?

होतात, आणि बऱ्यापैकी होतात. तुम्ही लिहिलंय की पणजीजवळ मांडवीत तीन-चार बार्जा एकमेकींना चिकटून बांधलेल्या बघितल्या, तुमचा पुतण्या आता तिथे खलाशी म्हणून लागतोय, तर आतली बार्ज निघते कशी, बाहेरच्याने दोर सोडायला नाही म्हटलं तर काय, आणि याचा काही लिहिलेला नियम आहे का. मी वेंगुर्ल्याचा, मांडवी आणि झुआरीवर लोहखनिजाच्या बार्जेवर आधी खलाशी आणि मग सुकाणी म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे सांगतोय ते गोव्याच्या नद्यांचं सांगतोय, बाकी ठिकाणचं थोडं वेगळं असेल.

आधी एक समजून घ्या, भांडण दोरावरून दिसतं पण असतं पाण्यावरून. मांडवीत भरती पार गांजेपर्यंत चढते, झुआरीत तशीच आत सांगेच्या बाजूला जाते. दीड-दोन हजार टन माल घेतलेली बार्ज खाली बसते, नदीत मध्ये मध्ये उथळ पट्टे आहेत, तेव्हा भरलेली बार्ज भरतीच्या पाण्यावर सोडायची आणि ओहोटीबरोबर मुरगावकडे न्यायची, तिथे मोठं जहाज उभं असतं त्यात माल ओतायचा. ते पाणी चुकलं तर पुढची भरती साडेबारा तासांनी. मालकाला भाडं टनावर मिळायचं, आम्हाला फेरीमागे भत्ता होता, तिकडे मोठं जहाज खोळंबलं की त्याचे पैसे वेगळे चढतात. म्हणजे अर्धा तास कोणी अडवलं तर त्याचे बारा तास होतात, आणि मग माणसं आवाज चढवतात, त्यात नवल काहीच नाही.

आता बांधायची रीत. धक्क्याला जागा एकीची, बाकीच्या तिच्या अंगाला. पहिला रिवाज असा की मागून येणाऱ्याने आधी आतल्याला विचारायचं, हॉर्न देऊन किंवा हाक मारून, कुठल्या पाण्यावर निघणार आहेस म्हणून. त्याला लवकर निघायचं असेल तर त्याच्या अंगाला लागूच नये, दुसरीकडे थांबावं. दुसरं म्हणजे पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून मध्ये अडकवायचे टायर आपले आपण लावायचे, आतल्याच्या टायरवर विसंबायचं नाही. तिसरी गोष्ट नवीन पोरं नेहमी विसरतात, बाहेरच्या बार्जेने नुसतं शेजाऱ्याला बांधून भागत नाही, स्वतःचा पुढचा आणि मागचा एकेक दोर थेट धक्क्यावर न्यायचा. नाहीतर चार बार्जांचं सगळं वजन आतल्या एकीच्या दोरांवर येतं, आणि आपल्याकडे प्रवाह दिवसातून चार वेळा तोंड फिरवतो त्यामुळे एका बाजूचा ताण धरून चालतच नाही. त्याशिवाय धक्क्यावर जायचं तर दुसऱ्याच्या डेकवरून जावं लागतं, तिथे रीत म्हणजे पुढच्या अंगाने जायचं, मागे केबिनवरून नाही, कारण मागे लोक झोपलेले असतात, जेवण शिजत असतं. यावरून झालेली भांडणं दोरावरच्या भांडणांपेक्षा जास्त कडू असतात असं माझं मत आहे, दोराचं भांडण पाण्याबरोबर जातं, झोपमोड लक्षात राहते.

आता पुतण्याला हे नक्की सांगा. धक्क्यावर बोलार्ड, म्हणजे दोर अडकवायचा लोखंडी खुंट, एकच आणि त्यात आधीच कोणाच्या तरी दोराचा फासा पडलेला असतो. त्याच्यावर आपला फासा नुसता वरून टाकला तर खालच्याला निघताना आपला काढल्याशिवाय निघता येत नाही. म्हणून आपला फासा त्याच्या फाशातून खालून वर घ्यायचा आणि मग बोलार्डवर चढवायचा. असं केलं की दोघांपैकी कोणीही आधी सुटू शकतो, दुसऱ्याच्या दोराला हात लावायची गरज नाही. दोन मिनिटांचं काम आहे. पण रात्री पावसात, चिखलाने माखलेला भिजका जाड दोर हातात असतो तेव्हा पोरगा वरून टाकून मोकळा होतो, आणि मग पलीकडून आरडाओरडा येतो, 'रे, खालसून घाल रे, खालसून!' ही हाक मी किती ऐकली असेल. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तर नवीन माणसाला इंजिनाजवळ फिरकू द्यायच्या आधी हे करून दाखवायला लावायचा, आणि ते बरोबरच होतं.

आतली बार्ज भरून झाली आणि तिला निघायचंय, बाहेर दोन उभ्या आहेत, तर? प्रवाहाच्या वरच्या अंगाचे दोर तसेच ठेवायचे, खालच्या अंगाचे मोकळे करायचे, बाहेरच्या बार्जेचा खालचा दोर निघणाऱ्या बार्जेच्या मागून फिरवून परत धक्क्यावर द्यायचा, मग आतली हळूच खाली सरकते आणि ती गेली की तोच दोर ओढून बाहेरच्या आत येतात. ऐकायला सोपं आहे पण यासाठी बाहेरच्या बार्जेवर माणूस जागा पाहिजे, निदान दोघे तरी पाहिजेत. माझ्या बघण्यातली सगळ्यात मोठी भांडणं इथलीच. एकदा झुआरीत वरच्या अंगाला एका धक्क्यावर आमच्या बाहेर एक बार्ज लावून तिचा मास्टर, म्हणजे कप्तान, घरी गेला, दोन खलाशी बाजारात, एकटा स्वयंपाकी वर. आम्ही भरलेले, पाणी फिरायला लागलेलं. आमच्या मास्टरने त्या स्वयंपाक्याला विचारून, त्याच्यासमोर दोर सोडले आणि आमचीच माणसं त्या बार्जेवर चढवून तिला परत धक्क्याला बांधून दिली, मगच आम्ही निघालो. तरी दुसऱ्या दिवशी तिकडचा मास्टर भांडायला आला की माझ्या दोराला हात लावायची हिंमत कशी झाली. खरं सांगायचं तर बार्ज दुसऱ्याच्या अंगाला बांधून रिकामी सोडून जाणं याच्याएवढा मोठा गुन्हा नदीवर नाही, आणि आमच्या मास्टरने केलं ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक सुकाण्याने योग्यच धरलं. दोर कापून सोडून देणं मात्र कधीच माफ होत नाही, कितीही घाई असली तरी.

अजून एक कटकट भरताना होते. एक बार्ज भरतेय ती मीटर-दोन मीटर खाली जाते, शेजारची रिकामी ती जाग्यावर, त्यात उधाणाच्या दिवसात भरती-ओहोटीचा फरक दोनेक मीटर. मधले दोर ताणून लोखंडासारखे होतात. ते सैल कोणी करायचे? रीत अशी की ज्याची बार्ज हलतेय, म्हणजे भरतेय, त्याने बघायचं. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. नायलॉनचा दोर तुटून परत येतो तेव्हा पाय मोडतो, माणूसही जातो.

नदीत नांगर टाकून थांबलेल्यांचं वेगळं. तिथे जगभर चालतो तोच नियम, आधी नांगर टाकला त्याची जागा, मागून येणाऱ्याने त्याला फिरायला पुरेल एवढं अंतर सोडायचं. घोळ असा होतो की भरलेली बार्ज प्रवाहाचं ऐकते आणि रिकामी वाऱ्याचं. पाणी फिरताना वारा उलटा असला तर दोन्ही वेगवेगळ्या बाजूला तोंड करतात आणि मागचे भाग एकमेकांवर येतात. धक्का बसला तर मागून आलेल्याची चूक धरतात. आणि बांधलेल्या बोटीला चालती बोट लागली तर चालत्यानेच आधी उत्तर द्यायचं असतं, कायदाही तसंच बघतो. पावसाळ्यात आग्वादचं तोंड, म्हणजे मांडवी समुद्राला मिळते ती जागा, वाळूच्या पट्ट्यामुळे आणि लाटांमुळे बार्जांना बंद, मग मांडवीतला माल कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत आणि तिथून मुरगावला, त्या अरुंद पाण्यात पाळीवरून जे वाद व्हायचे त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मिटवतं कोण? नव्वद टक्के वेळा दोन मास्टर. एक जण चहाला बोलावतो, संपतं. भरायचा नंबर कोणाचा यावर वाद असेल तर धक्क्यावरचा सुपरवायझर, आणि इथे मला मनापासून राग यायचा, कारण कंपनीची स्वतःची बार्ज मागून येऊन भाड्याच्या बार्जेच्या आधी भरायला लागायची आणि आम्ही बघत बसायचो. पत्रा चेपला, कोणी जखमी झालं तर मग मालक, विम्याचा सर्व्हेअर आणि पणजीचं कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं ऑफिस. आधी 1917 चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा होता, आता 2021 चा आहे, अपघात कळवणं त्यात बंधनकारक आहे. पण दोर कोणी कुठून घालायचा, डेकवरून कसं जायचं, हे असल्या कायद्यात कोणी लिहीत नाही, ते सारंगाकडून खलाशाकडे येतं.

आणि तिथेच मला काळजी वाटते. 2012 ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज (भाडेपट्टे) रद्द केल्यावर परत सगळं थांबलं. बार्जा काठाला एकीला एक बांधून वर्षानुवर्षं पडून राहिल्या, कितीतरी भंगारात गेल्या. पडून असलेल्या बार्जांवर एक वॉचमन, तोही तीन मालकांत मिळून, दोर उन्हाने कुजलेले, आणि पावसाळ्यात नदीला पाणी आलं की बाहेरची तुटली म्हणून आतली दोष देणार, आतल्याने धक्क्याला नीट बांधलं नव्हतं म्हणून बाहेरची. ज्यांना रिवाज माहीत होते ते सारंग गावी परत गेले, कोणी रिक्षा घेतली, कोणी मासेमारीच्या ट्रॉलरवर गेलं. आता लिलाव होऊन काही खाणी सुरू झाल्यात, नवीन पोरं भरती होतायत, तुमच्या पुतण्यासारखी, आणि शिकवायला जुना माणूस प्रत्येक बार्जेवर असेलच असं नाही.

त्याला म्हणावं, बार्ज लावली की शेजारच्या मास्टरचा मोबाईल नंबर घे आणि तो कुठल्या पाण्यावर निघणार ते वेळेसकट लॉगबुकात लिहून घ्यायला आपल्या मास्टरला सांग. रात्री पाणी फिरायच्या वेळेला उठून एकदा दोर हाताने दाबून बघ, नुसती टॉर्च मारून कळत नाही. शेजाऱ्याचा दोर सोडावाच लागला तर त्याच्या माणसाला उठवून, त्याच्यासमोर सोड. पहिल्या महिन्यात एवढं केलं तरी धक्क्यावर लोक त्याला नावाने ओळखायला लागतील. अजून काही विचारायचं असेल तर खाली लिहा, कुंभारजुव्याचं विचारलंत तर तेही सांगतो.